दीडशे की एकशेऐंशी? हरणाच्या शिकारीतली गोळी आणि ‘पुरेसं’ म्हणजे किती



साध्य आणि साधन या विषयावरची आपली चर्चा ऐकून अमेरिकेतल्या एका श्रोत्यानं प्रश्न पाठवला आहे. पेन्सिल्व्हेनियात राहतात, शेजाऱ्यांबरोबर गेल्या दोन-तीन हंगामांपासून हरणाच्या शिकारीला जाऊ लागले आहेत. त्यांच्याकडे ‘थर्टी-ऑट-सिक्स’ या काडतुसाची रायफल आहे. ते विचारतात, “सर, गोळी दीडशे ग्रेनची घ्यावी की एकशेऐंशीची? दुकानदार एक सांगतो, क्लबातली मंडळी दुसरं सांगतात. आणि काडतुसं घरी भरायला शिकलो तर काही फायदा होईल का?”

तत्त्वज्ञानाच्या माणसाला हा प्रश्न का विचारावा, असं काहींना वाटेल. पण मला तो फार आवडला. साधन निवडताना आपण नेमकं कुठून विचार सुरू करतो, हे यात स्वच्छ दिसतं. आणि इथे चुकीची किंमत आपण भरत नाही, ती एक जनावर भरतं. जखमी होऊन झाडीत निघून गेलेलं, कुणाला न सापडलेलं हरीण, ही ती किंमत.

आधी दोन गोष्टी बाजूला काढतो. शिकार करावी का, हा आजचा विषय नाही. ज्यांना ती मुळातच मान्य नाही त्यांच्याबद्दल मला आदर आहे. आपल्याकडे १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ची दुरुस्ती यांनी छंदाची शिकार संपवली, आणि परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. म्हणजे हे बोलणं इथल्या कुणासाठी सल्ला नाही. अमेरिकेत चित्र वेगळं आहे. पांढऱ्या शेपटीचं हरीण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे फार थोडं उरलं होतं, आज ते कोट्यवधींच्या संख्येत आहे आणि त्याची संख्या आटोक्यात ठेवण्याचं मुख्य साधन परवानाधारक शिकार हेच आहे. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानं रायफली आणि काडतुसांवरचा ११ टक्के कर वन्यजीव संवर्धनाकडे वळवला. तेव्हा शिकार होणार, हे धरून चालू. ती नीट कशी होईल, एवढंच बघू.

ग्रेन म्हणजे किती?

ग्रेन म्हणजे धान्याचा दाणा, मूळचा जवाचा. एका पौंडात ७,००० ग्रेन, आणि एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम. आपल्या लोकांना हे माप परकं वाटायचं कारण नाही. आपला जुना तोळा, ११.६६ ग्रॅमचा, इंग्रजांनी १८३३ साली बरोबर १८० ग्रेनचा ठरवला होता. म्हणजे एकशेऐंशी ग्रेनची गोळी ही वजनानं नेमकी एक तोळा. आणि दीडशेची गोळी म्हणजे दहा मासे. या दोन मासांच्या फरकावर अमेरिकेतल्या शिकारी क्लबांत अख्ख्या संध्याकाळी खर्च होतात!

काडतुसाचे चार भाग असतात. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारा प्रायमर, आत दारू, आणि तोंडाशी बसवलेली गोळी. पुंगळीत जागा ठरलेली आणि दाब किती सोसायचा तेही ठरलेलं. त्यामुळे गोळी जड केली की वेग कमी होतो. थर्टी-ऑट-सिक्समध्ये दीडशेची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे २,९०० फुटांनी निघते, एकशेऐंशीची सुमारे २,७०० फुटांनी.

आता गणित करू. ऊर्जा काढली तर दीडशेची सुमारे २,८०० फूट-पौंड येते, एकशेऐंशीची सुमारे २,९००. जवळजवळ सारखीच. वस्तुमान गुणिले वेग, म्हणजे संवेग काढला, तर जड गोळी बारा टक्क्यांनी पुढे. तो संवेग उलट दिशेनं आपल्या खांद्यालाही मिळतो, म्हणून तिचा धक्का जास्त. आणि दोन्ही रायफली २०० यार्डांवर नेमक्या लागतील अशा जुळवल्या, तर ३०० यार्डांवर दोन्ही गोळ्या आठ-नऊ इंच खाली येतात. दोघींत फरक साधारण इंचभराचा.

म्हणजे ज्यावर एवढा वाद, तो फरक कागदावर तरी बेताचाच आहे. मग खरा फरक कशात आहे?

हरणाच्या बाजूनं पाहा

ॲरिस्टॉटल नीतिशास्त्राच्या सुरुवातीलाच तिरंदाजाचा दाखला देतो. लक्ष्य डोळ्यांसमोर असेल तर बाण लागण्याची शक्यता वाढते, तसं आयुष्याचं. आपण हा दाखला उलटा, म्हणजे अगदी शब्दशः घेऊ. लक्ष्य काय आहे?

लक्ष्य हरीण नव्हे. लक्ष्य आहे त्याच्या पुढच्या पायामागची छाती, जिथे हृदय आणि दोन्ही फुप्फुसं आहेत. ही जागा आठ-दहा इंच व्यासाच्या वर्तुळाएवढी, म्हणजे आपल्या जेवणाच्या ताटाहूनही थोडी लहान. गोळी तिथून आरपार गेली तर रक्तदाब झपाट्यानं कोसळतो आणि काही सेकंदांत शुद्ध हरपते. त्या सेकंदांतसुद्धा हरीण पन्नास-शंभर यार्ड धावू शकतं, हृदयाला गोळी लागलेलं हरीणही धावतं. पण ते जवळच पडतं आणि सापडतं. हीच गोळी एक वीत मागे, पोटात लागली, तर तेच मरण काही तास लांबतं.

म्हणून गोळीकडून आपल्याला दोन गोष्टी हव्या असतात, आणि त्या एकमेकींच्या विरोधात जातात. एक, तिनं आत गेल्यावर पसरावं, म्हणजे जखम रुंद होईल. दुसरी, तिनं पुरेसं खोल जावं, शक्यतो दुसऱ्या बाजूनं बाहेर पडावं, म्हणजे दोन्ही फुप्फुसं भेदली जातील आणि मागावर रक्ताच्या खुणा राहतील. जास्त पसरली तर खोल जात नाही. पसरलीच नाही तर बारीक भोक पाडून निघून जाते.

इथे एक नैतिक कोडं आहे, त्यावर क्षणभर थांबू. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तयार झालेली पसरणारी गोळी जगभर ‘दमदम’ म्हणून कुप्रसिद्ध झाली. १८९९च्या हेग घोषणेनं शरीरात सहज पसरणाऱ्या गोळ्या युद्धात वापरायला बंदी केली, कारण त्या अनावश्यक यातना देतात. आणि इंग्लंडचा १९९१चा हरीण कायदा याच्या नेमका उलट हुकूम देतो: हरणावर रायफल चालवायची तर गोळी मऊ किंवा पोकळ टोकाची, म्हणजे पसरणारीच हवी. वरवर विसंगती वाटते, पण मागचं तत्त्व एकच आहे. युद्धात सैनिक निकामी झाला की हेतू संपतो, त्यापुढची जखम ही क्रूरता. शिकारीत हेतूच मृत्यू आहे, आणि तो लांबवणं ही क्रूरता. वस्तू तीच. साध्य बदललं की तिचा नैतिक अर्थ बदलतो.

वजन ही खूण आहे, गुण नव्हे

आता वजनाकडे येऊ. जुने शिकारी जड गोळी सांगत, त्यात शहाणपण होतं. पूर्वीच्या गोळ्या म्हणजे शिशाचा गाभा आणि वर तांब्याच्या मिश्रधातूचं पातळ कवच. आदळल्यावर शिसं फुटून विखुरतं, गोळीचं वजन घटतं. फुटूनही पुरेसं उरावं म्हणून मुळातच जड घ्यायची. घरात गळकी बादली असली की आपण मोठी घेतो, तसंच!

१९४६ साली ब्रिटिश कोलंबियात जॉन नॉस्लर या शिकाऱ्याची गोळी चिखल माखलेल्या मूसच्या, म्हणजे थोरल्या सांबरासारख्या जनावराच्या अंगावर लागली आणि आत खोल न जाता वरच्यावर फुटली. त्याची रायफल कमी ताकदीची नव्हती. उलट वेग इतका होता की ती साधी गोळी टिकली नाही. त्यानं मग मध्ये तांब्याची आडवी भिंत असलेली गोळी बनवली. पुढचं शिसं पसरेल, मागचं शाबूत राहील. त्या ‘पार्टिशन’ गोळीनं दाखवून दिलं की प्रश्न वजनाचा कमी आणि बांधणीचा जास्त आहे.

पुढे पूर्ण तांब्याच्या गोळ्या आल्या. त्या पाकळ्यांसारख्या उमलतात, पण वजन जवळजवळ गमावत नाहीत. एकशेऐंशीची साधी शिशाची गोळी आत गेल्यावर एकशेवीसवर येऊ शकते, तांब्याची दीडशेची दीडशेच्या आसपासच राहते. मग जड कोणती? दुकानातली की हरणाच्या आतली?

शिशाचे ते कण मांसात आणि टाकून दिलेल्या आतड्यांत राहतात आणि ते खाऊन कॅलिफोर्नियाची कोंडोर गिधाडं मरत होती. म्हणून कॅलिफोर्नियानं २०१३ साली कायदा करून १ जुलै २०१९पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद केल्या. डायक्लोफेनॅकनं आपली गिधाडं कशी गेली हे आपल्याला ठाऊक आहे. मेलेल्या जनावरातून गिधाडाकडे जाणारं विष हा प्रकार आपल्याला नवा नाही.

तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. नळीतले आटे गोळीला भोवऱ्यासारखी फिरवून स्थिर ठेवतात, आणि त्यासाठी किती पीळ लागतो हे मुख्यतः गोळीच्या लांबीवर ठरतं. ग्रीनहिल या गणितज्ञानं हे १८७९ सालीच सूत्रात मांडलं. म्हणून तांब्याकडे वळताना वजन एक पायरी खाली घेतात, आणि त्यात नुकसान होत नाही.

कायद्यानंही हा धडा शिकला. स्कॉटलंडच्या १९८५च्या आदेशात मोठ्या हरणांसाठी गोळी किमान १०० ग्रेनची हवी होती. २०२३ साली ती मर्यादा ८० ग्रेनवर आणली, कारण शिसं सोडायचं तर हलक्या गोळ्या चालवून घ्याव्या लागणार होत्या. अमेरिकेत कोलोरॅडो हरणासाठी किमान ७० ग्रेन वजन मागतं, शिवाय १०० यार्डांवर १,००० फूट-पौंड ऊर्जा आणि पसरणारी गोळी. इंग्लंडचा कायदा मोठ्या हरणांच्या बाबतीत वजनाबद्दल बोलतच नाही. तो मोठ्या हरणांसाठी गोळीचा व्यास आणि १,७०० फूट-पौंड ऊर्जा पाहतो. सगळ्यांना हवंय एकच, हरीण लवकर मरावं. पण ‘लवकर मरणं’ तराजूत घालता येत नाही, म्हणून प्रत्येकानं मोजता येईल अशी एक खूण धरली. खूण धरण्यात काही गैर नाही. खुणेलाच गुण समजलं की घोटाळा होतो.

घरी भरलेली काडतुसं

आता दुसरा प्रश्न. काम असं असतं: वापरलेली पुंगळी साच्यातून काढून मापात आणायची, जुना प्रायमर काढून नवा बसवायचा, दारू तराजूवर ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत तोलून भरायची, गोळी ठरावीक खोलीपर्यंत बसवायची, आणि एकूण लांबी मोजायची. सोनाराच्या पेढीवरचं काम म्हणा ना.

यातला धोका स्पष्ट सांगतो. थर्टी-ऑट-सिक्सची कमाल दाबमर्यादा प्रत्येक चौरस इंचाला ६०,००० पौंड आहे, आणि हा दाब तुमच्या गालापासून काही इंचांवर निर्माण होतो. दारू थोडी वाढवली की दाब थोडाच वाढेल, असं नसतं. म्हणून छापील पुस्तिकेशिवाय काही करायचं नाही. त्याच गोळीसाठी, त्याच दारूसाठी दिलेलं माप घ्यायचं. दोन कंपन्यांच्या दीडशेच्या गोळ्या वजनानं सारख्या असल्या तरी लांबीनं आणि घर्षणानं वेगळ्या असतात, एकीचं माप दुसरीला लावायचं नाही. वजन म्हणजे सगळी ओळख नव्हे, हे इथेही आलंच. सुरुवात पुस्तिकेतल्या सुरुवातीच्या मापानं, ते कमाल मापाच्या साधारण दहा टक्के खाली असतं, आणि तिथून हळूहळू वर. त्याच्याही खाली मनानं जायचं नाही, काही दारूंच्या बाबतीत फार कमी भरणंही घातक ठरतं. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. बोल्ट उघडायला जड जाऊ लागला, प्रायमर चपटा होऊ लागला, की थांबायचं. आणि या खुणा दिसल्या नाहीत म्हणजे सगळं सुरक्षित आहे, असंही समजायचं नाही.

मग फायदा काय? ताकद? नाही. कारखान्यातलं काडतूस हरणासाठी पुरेसं ताकदवान असतंच. काही जण वेगातली तफावत कमी करण्यासाठी महिनोन् महिने घालवतात. सेकंदाला तीस फुटांचा फरक म्हणजे एक टक्का, त्यानं २०० यार्डांवर गोळी पाव इंचसुद्धा वरखाली होत नाही. ॲरिस्टॉटलचंच आणखी एक म्हणणं: विषयाला पेलेल तेवढीच अचूकता त्याच्याकडून मागावी. ताटाएवढ्या लक्ष्याला पाव इंचाची चिंता नको.

खरा फायदा दोन गोष्टींत आहे. आपल्या रायफलीला मानवणारी, आपल्याला हव्या त्या बांधणीची गोळी निवडता येते. आणि पुस्तिकेत दिलेल्या सौम्य मापांनी कमी धक्क्याची काडतुसं भरून भरपूर सराव करता येतो. चाप ओढताना खांदा आधीच आक्रसून घेण्याची सवय कितीतरी नेम बिघडवते, दोन मासांच्या फरकानं तेवढे बिघडत नाहीत.

तीन गोळ्यांचा पुरावा

इथे माझ्या विषयाचा प्रश्न येतो. काडतूस चांगलं भरलं गेलं, हे कळतं कसं? शिकारी १०० यार्डांवर तीन गोळ्या मारतो, तिन्ही पाऊण इंचात बसतात, आणि तो जाहीर करतो, “हेच माप!” दुसऱ्या मापाच्या तीन गोळ्या सव्वा इंचात पसरतात, ते माप बाद.

आपल्या नैयायिकांनी विचारलं असतं, व्याप्ती कुठून आणलीस? धूर आणि अग्नी यांचा संबंध ठरवायला ते भूयोदर्शन मागतात, पुन्हा पुन्हा पाहणं. तीन गोळ्या म्हणजे भूयोदर्शन नव्हे, तो काकतालीय न्यायही असू शकतो. कावळा बसायला आणि फळ पडायला एकच गाठ! आणि याला गणिताचा आधार आहे. गोळ्यांचा विखुर नेहमीच्या घंटाकृती वक्रासारखा धरला, तर एकाच मापाच्या तीन-तीन गोळ्यांचे गट नुसत्या योगायोगानं पाऊण इंचापासून सव्वा इंचापर्यंत सहज हिंदकळतात. आणि तीन गोळ्यांचा गट सरासरी एक इंचाचा असेल, तर त्याच रायफलीचा दहा गोळ्यांचा गट सरासरी दीड इंचाहून थोडा मोठा येतो. रायफल बिघडलेली नसते, आपण आता जास्त खरं पाहतो आहोत एवढंच.

याचा अर्थ निराश व्हायचं कारण नाही. दहा गोळ्यांत दोन इंच देणारी रायफल २०० यार्डांवर चार इंच देईल, आणि ताट आठ इंचांचं आहे. साधन पुरेसं आहे. मग उरतो तो माणूस. टेबलावर वाळूच्या पिशवीचा टेका घेऊन मारलेला नेम आणि थंडीत, धापा टाकत, गुडघ्यावर बसून मारलेला नेम, यांत केवढं अंतर पडतं ते मोजायला हवं. पुठ्ठ्यावर आठ इंचांचं वर्तुळ काढा. शिकारीत बसाल तसेच बसा. ज्या अंतरावर दहापैकी दहा गोळ्या वर्तुळात राहतात, ते तुमचं अंतर. रायफलीचं किंवा काडतुसाचं नव्हे, तुमचं.

तर मग उत्तर?

आता क्रम लावू. आधी जनावर आणि त्याची छाती. मग तुमचं अंतर. मग त्या अंतरावर पसरेल आणि आरपारही जाईल अशी गोळीची बांधणी. मग त्या बांधणीला साजेसं वजन. आणि शेवटी, वाटलं तर, घरी भरणं. बहुतेक वाद हा क्रम उलटा धरल्यामुळे होतात. माप आधी ठरतं, वजन त्याच्या मागे येतं, आणि हरीण शेवटी कुठेतरी उरतं.

आपल्या श्रोत्यांना माझं उत्तर असं. पेन्सिल्व्हेनियाच्या जंगलात बरेचसे नेम शंभर यार्डांच्या आतच घेतले जातात. तिथे पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी साधी शिशाच्या गाभ्याची गोळी दीडशे किंवा एकशेपासष्टची पुरेशी आहे. तांब्याची घेतलीत तर दीडशेच्या वर जाऊ नका. एकशेऐंशीनं हरीण कमी मरतं असं नाही, पण धक्का जास्त आहे, आणि त्याचा तुमच्या नेमावर परिणाम होत असेल तर ती गोळी तुमच्यासाठी वाईट. घरी भरायला जरूर शिका, पण एखाद्या जाणत्या माणसाजवळ बसून, आणि मुख्यतः सराव वाढावा म्हणून.

आणि ज्या नेमाबद्दल मनात शंका आहे, तो घेऊ नका. घेतलाच आणि हरीण धावत गेलं, तर लगेच मागे पळू नका. अर्धा तास थांबा, गोळी लागली ती जागा नीट लक्षात ठेवा, आणि मग रक्ताचा माग सोडू नका, अंधार पडला तरी. गोळीचं वजन निवडणं संध्याकाळच्या गप्पांत होतं, ही जबाबदारी मात्र नेम घेणाऱ्या एकट्याची असते.

पुढच्या वेळी आपण ‘पर्याप्त’ या कल्पनेकडे जैन आणि ग्रीक परंपरा कशा पाहतात, ते बघू. प्रश्न असतील तर जरूर लिहून पाठवा. नमस्कार.